पडलेलं नाव

सन १९८८. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो आणि माझ्या अंगात दोन माणसांचं बळ होतं. चौथीत शाळा सोडली ती डोकं नव्हतं म्हणून नाही. मास्तर सगळ्या वर्गासमोर माझ्या बापाला काहीबाही बोलले, मी पाटी तिथेच टाकली आणि घरी आलो. परत गेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी माझं शुद्धलेखन तपासत बसायला नको.

यंदा मोहोर उशिरा आला, त्यामुळे आंबाही उशिराच उतरला. सुनेने काल माजघराच्या कोपऱ्यात आढी घातली. खाली भाताचा पेंढा, वर आंब्यांचा थर, त्यावर परत पेंढा. पहिले दोन दिवस नुसता पेंढ्याचा कोरडा वास येतो. मग एका सकाळी त्याच्याखालून दुसरा वास वर यायला लागतो. तो आला की मी घरात थांबत नाही, बाहेर अंगणात, खळ्यात येऊन बसतो. सुनेला वाटतं म्हाताऱ्याला उकडतंय. वाटू दे.

त्या वर्षी हाच वास होता आणि माझी थोरली मुलगी नंदा पडवीत खाटेवर होती.

नंदा मुंबईला कॉम्प्युटरच्या हापिसात कामाला होती. आमच्या वाडीतली पोरं गिरणीत गेली, गोदीत गेली, हॉटेलात गेली. कॉम्प्युटरकडे गेलेली ती पहिली, आणि पोरगी. ते काय असतं हे मी कोणाला विचारलं नाही. विचारलं तर ठाऊक नाही हे कळतं. माघात ती घरी आली ती सुट्टीवर नाही. रक्ताचा आजार. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, मोकळी हवा मिळेल. हवा काय, ती मुंबईलाही होतीच. त्यातच सगळं आलं.

एसटीतून उतरली तेव्हा तिच्या हातात कपड्यांची पिशवी लहान आणि कागदांचं बाड मोठं. एकाला एक जोडलेले लांबच लांब कागद, दोन्ही कडांना भोकं. खाटेवर पडल्या पडल्या ती ते उलगडायची आणि पेन्सिलीने खुणा करायची. एक टोक तिच्या छातीवर, दुसरं पडवीच्या पायरीवरून खाली खळ्यात. कोंबड्या त्यावरून चालायच्या.

"ह्यात हाय तरी काय?" एकदा मी विचारलंच.

"तुमची पट्टी," ती म्हणाली.

पट्टी म्हणजे आंब्याच्या पेट्या मुंबईच्या बाजारात विकल्या की दलाल पाठवतो तो विक्रीचा कागद. आमचा दलाल गुजराती, पट्टी यायची गुजरातीत. माझ्या बापाने कधी ती वाचली नाही, मीही नाही. ती घेऊन खाडीपलीकडे हसनभाईकडे जायचं. तो एके काळी गलबतावर होता, कच्छपर्यंत जाऊन आलेला, त्याला गुजराती लागायची. तो वाचणार आणि मी मान हलवणार. नंदा लहान असताना माझ्या बोटाला धरून यायची. परत येताना होडीत विचारायची, "बाबा, तुमचा आंबा, मग तुम्हाला का नाय वाचता येत?" मी म्हणायचो, गप बस, पाण्यात पडशील.

ते तिने मनात ठेवलं. आता ती आणि तिच्या हापिसातली दोन माणसं मिळून असं काही बांधत होती की दलालाने त्याच्या भाषेत लिहावं आणि बागायतदाराच्या हातात त्याच्या भाषेत कागद पडावा. मराठी, गुजराती, तमिळ, उर्दू. काम सरत आलं होतं. फक्त त्याला नाव नव्हतं.

आता नावाचं सांगतो. त्यातलं मला कळतं.

आमच्याकडे कलमांना नावं नसतात. हापूस तो हापूस. पण रायवळ आंबा बाठ्यातून आपला आपण उगवतो. प्रत्येक झाडाची चव निराळी, रेषा निराळी, म्हणून प्रत्येकाला नाव. शेपू आहे, त्याला शेपूच्या भाजीचा वास येतो. खोबऱ्या आहे. बांधाच्या दगडी गडग्याजवळचा भांडखोर, त्याच्याखाली माझे दोन चुलते हद्दीवरून कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले होते. वर सड्यावर, कातळाच्या माळावर, एक पोस्टमन आहे, कारण टपाल घेऊन येणारा माणूस तिथे पान खायला बसायचा. तो माणूस मेला, झाड अजून पोस्टमनच आहे. ही नावं कोणी ठेवली नाहीत. पडली. आणि फळ चाखल्याशिवाय पडत नाहीत. नव्या झाडाचं पहिलं फळ घरच्या कर्त्याने खायचं, एक फोड जागेच्या राखणदार देवासाठी गडग्यावर ठेवायची, मग तोंडातून येईल ते नाव. त्याआधी नाव घेतलं तर झाड वांझ राहतं, असं माझा आजा सांगायचा. आजाचं खोटं झालेलं मी पाहिलेलं नाही.

फाल्गुनात नंदाच्या हापिसातली ती दोघं रातराणी गाडीने आली. किरीट म्हणून एक गुजराती, अंगाने भरलेला, सतत घाम पुसणारा. आणि सेल्वी म्हणून मद्रासकडची मुलगी, काटकुळी, केसांत अबोली. किरीटने आल्या आल्या माझ्या पायाला हात लावला.

"काका, मी मराठी बोलतो. फक्त वाकडं बोलतो."

"बोल. आमचे रस्ते पण वाकडेच हायत."

दुपारी पडवीत बैठक बसली. हसनभाईही आला होता, नंदासाठी खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घेऊन. नंदाची आई आत तिसऱ्या उकडत होती, आणि तिचा कान सगळा बाहेर होता.

किरीट म्हणाला, "नाव असं पाहिजे, काका, की माझी बा बोलेल, सेल्वीची अम्मा बोलेल, हसनचाचा बोलेल आणि तुम्ही पण."

"मी कशाला बोलू? माझं काय अडलंय?"

"बाबांना नको सांगू रे," नंदा उशीवरून म्हणाली. "त्यांना दुसऱ्याला नावं ठेवायला येतात. नाव ठेवायला सांगितलं की हात वर."

सगळे हसले. मीही हसलो असेन.

मग एकेक नाव निघालं. नंदाने आम्र म्हटलं. किरीट म्हणाला, माझ्या बाला ते बोलताना दात काढून ठेवावे लागतील. किरीटने केरी म्हटलं, त्यांच्यात आंब्याला तेच म्हणतात. ते मलाच आवडलं नाही, आमच्याकडे कैरी म्हणजे कच्चा माल, तो कोण घेईल? सेल्वीने सांगितलं की त्यांच्या लिपीत क, ख, ग, घ ह्या सगळ्यांना मिळून एकच अक्षर असतं, तेव्हा जरा बेताने.

"मग तुमच्यात गाढव कसं लिहितात?" मी विचारलं.

"बघूनच ओळखतो, अंकल," ती म्हणाली. किरीटने स्वतःच्या छातीवर हात ठेवून मान लववली. नंदा इतकी हसली की तिला खोकला लागला.

हसनभाईने दर्या सुचवलं. "हिंदूला चालतं, मुसलमानाला चालतं, अरबाला पण कळवता येईल."

"हसनचाचा, दर्या इथे आणि मुंबईला. बेंगळूरच्या व्यापाऱ्याने काय करायचं?" नंदा म्हणाली.

"त्याने यावं हवा खायला," हसनभाई म्हणाला.

ऊन खळ्यातून पायरीपर्यंत आलं. कातळावरून वाफ यायला लागली. नावं सगळी संपली होती. तेव्हा मी म्हटलं, "इतकी वाट कशाला? तिचंच द्या. नंदा. कोणाच्या जिभेला जड आहे सांगा."

किरीटने सेल्वीकडे पाहिलं. मला वाटतं त्यांच्याही मनात तेच होतं, बोलायचं कोणी हा प्रश्न होता. आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"नको बाबा," नंदा म्हणाली.

"का नको?"

ती जरा वेळ कागदाच्या कडेची भोकं बोटाने चाचपत राहिली. मग हळू बोलली, आत जाऊ नये इतपत. "मी असणार नाय. मग रोज कोणतरी उठून ते नाव घेणार. आयेच्या कानावर पडलं तर तिला झेपायचं नाय. माझं नाव नको." आणि मग नेहमीच्या आवाजात, "तुम्ही द्या ना नाव. एवढ्या झाडांना दिलंत."

"मी दिली नाहीत. ती पडली. फळ चाखल्याशिवाय नाव नाय. तुझं हे यंत्र चालू दे, पट्टी माझ्या हातात येऊ दे, मग बोलेन."

"मशीनला पण राखणदार आहे, काका?" किरीटने विचारलं.

"सगळ्याला असतो."

तो हसला नाही. ते पोर चांगलं होतं.

चैत्रात तोडणी सुरू झाली. मी सकाळी झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन सड्यावर जायचो तो ऊन माथ्यावर आलं की उतरायचो. नंदा कागदांतून डोकं काढून विचारायची, "आज किती?" आणि लगेच, "नाव सुचलं काय?" मी म्हणायचो, यंत्र चाललं काय? ती म्हणायची, किरीट चालवतोय. असं रोज. वाडीतल्या बायकांना तो आम्हा दोघांचा खेळ वाटायचा. नंतर नंतर ती पहिला प्रश्न विचारीनाशी झाली. दुसरा मात्र सोडला नाही.

एकदा मी तिच्या उशाशी एक पाडाचा आंबा ठेवला, वासाला. ती तो नाकाशी धरून पडून होती. डोळे मिटलेले. म्हणाली, "बाबा, कैरी तरी चाखा."

"कैरीवरनं नाव देत नाहीत, बाय."

"हट्टी आहात."

"तुझ्यावर गेलोय."

ती हसली. ओठ सुकले होते. तिच्या आईने येऊन चमच्याने पाणी घातलं.

लोक मला पुढे म्हणाले, एक शब्द बोलायला काय जात होतं तुमचं? त्यांना काय सांगू. रीत ती रीत. शिवाय माझं असं गणित होतं की मी नाव दिलं नाही तोवर तिचं काम पुरं होत नाही, आणि काम पुरं झाल्याशिवाय ही मुलगी कुठे जाणारी नाही. अर्धं टाकून उठणं तिच्या स्वभावात नव्हतं. भाताची लावणी असो की भाकरी, शेवटापर्यंत. ह्या गणितात चूक कुठे होती ते मला आजतागायत सापडलेलं नाही. पण उत्तर चुकलं.

दुपारची वेळ होती. मी सड्यावर पोस्टमनपलीकडच्या कलमावर चढलेलो. खालून धाकटा विजय हाका मारत आला, आणि त्याच्या हाका मारण्यावरूनच मला कळलं. मी घाई केली नाही. झेल्यात दोन आंबे होते, ते नीट खाली उतरवले.

किरीट आणि सेल्वी तिच्या दिवसांना आली. जाताना किरीट खळ्यात घुटमळला. "काका, या आठवड्यात बाजारात चालू करतोय. नाव काय लिहू?"

"चालू दे आधी," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. वाद घातला नाही.

मग मी घरात सांगून टाकलं, तिचं नाव कोणी काढायचं नाही. शेजारपाजाऱ्यांनाही बजावलं. आईला झेपणार नाही असं नंदा स्वतः म्हणाली होती. शेवटचं म्हणावं असं तिने माझ्याकडून एवढंच मागितलं होतं, आणि ते मी पाळणार होतो. वाडीत माझा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती. लोक 'ती' म्हणायला लागले. मग 'ती' पण म्हणेनासे झाले.

पण त्यात माझी स्वतःची एक पंचाईत झाली, ती मी कोणाला बोललो नाही. आमच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नसे. लग्नानंतर मी बायकोला नुसती 'अगो' म्हणायचो. पहिलं मूल झालं तशी ती 'नंदाची आई' झाली. चोवीस वर्षं मी तिला त्याच नावाने हाक मारली. विहिरीवर, शेतात, लग्नाच्या मांडवात शंभर बायकांत. आता ते नाव तोंडात यायचं आणि मी दात मिटायचो. 'विजयची आई' म्हणून पाहिलं, एकदाच. तिने मागे वळून बघितलंही नाही. तिला वाटलं दुसऱ्या कोणाला बोलावतोय. त्यानंतर मी तिला हाकच मारली नाही. च्या हवी असली तर खाकरायचो. जेवायचं असलं तर पाट वाजवायचो. घरात माणसं तीन आणि आवाज भांड्यांचा.

आज बायको नाही. आठ पावसाळे झाले. आता खाकरलं तर सून औषधाची बाटली घेऊन येते.

तर वैशाखात पट्टी आली. पाकीट फोडलं आणि आत मराठी. मी ओटीवर बसून बोट लावून वाचली. माझं नाव, गावाचं नाव, पेट्या, सगळं. एका ओळीला बराच वेळ लागला, पण हसनभाईकडे गेलो नाही. कागदाच्या माथ्यावर एक जागा कोरी सोडलेली होती. किरीटने माझी वाट पाहिली होती. फळ हातात आलं होतं. मी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून बसलो. तोंडातून काही आलं नाही. एकच नाव येत होतं, आणि त्याला मनाई होती. तिची. माझी.

ज्येष्ठ लागायच्या बेताला आमच्याकडे दलालाचा माणूस यायचा. झाडावर उरलासुरला आंबा कॅनिंगला जातो, त्याचं ठरवायला. दर वर्षी वेगळा माणूस. त्या वर्षी शिवप्पा नावाचा एक कानडी मुलखातला आला. काळा, हसरा, पायात टायरच्या चपला. आमच्या घरचं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याला पाणी आणि गूळ दिला. तो खळ्यात टेकला, मी समोर. बायको आत माजघरात आढी उघडून आंबे निवडत होती.

बोलता बोलता मागच्या एका पेटीच्या हिशोबावरून मी त्याला अडवलं. तो म्हणाला, "आता भांडण नाही, अण्णा. नंदा काय सांगते ते बघू की. नंदा सांगेल ते खरं."

आढीतला पेंढ्याचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "कोण नंदा?"

"कॉम्प्युटर हो! तुम्हाला माहीत नाही? शेठ पण म्हणतो, नंदाने पूछो, म्हणजे नंदाला विचारा. हमाल लोक म्हणतात, नंदात चढलं काय? मद्रासवाला व्यापारी येतो, तो पण नंदा नंदा करतो. एकदम सरळ बाई आहे, कोणाची बाजू घेत नाही." आणि आपल्याच विनोदावर तो हसला.

"हे नाव कोणी ठेवलं?" माझा आवाज चढला असणार, कारण त्याने गुळाचा खडा खाली ठेवला.

"कोणी नाही ठेवलं, अण्णा. ती काळी चपटी तबकडी असते ना, मशीनमध्ये घालायची, तिच्यावर कागद चिकटवलाय. हाताने लिहिलंय, नंदा. ते वाचून लोक बोलायला लागले. तो किरीटभाई सांगून दमला, हे नाव नाही, नाव यायचं आहे. कोण ऐकतो बाजारात?"

मला कळलं. हापिसात कोणी आपली वस्तू उचलू नये म्हणून तिने त्यावर स्वतःचं नाव घातलं असणार. शाळेत पाटीवर घालायची तसं.

मी उठलो. त्याला बाहेर काढायच्या इराद्यानेच उठलो होतो. तेवढ्यात बायको दारात आली. हातात आंबा, केसांत पेंढ्याची काडी.

"काय म्हणालात?" तिने त्याला विचारलं.

शिवप्पा घाबरला. "चुकलं काय, अम्मा?"

"नाय. परत सांगा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कुठेच पाहत नव्हतो. मग तो हळू म्हणाला, "नंदा."

ती उंबऱ्यावर बसली. "त्या कागदावर अक्षर कसं आहे?"

"बारीक आहे, अम्मा. शेवटचा काना खाली वळवलाय."

"तिचंच," ती म्हणाली. "काना तसाच काढायची. मास्तर मारायचे तिला." मग त्याला म्हणाली, "आणखी कोण कोण म्हणतं, सांगा."

तो बिचारा आठवून आठवून सांगायला लागला. शेठ, शेठचा भाऊ, हमाल, च्यावाला, मद्रासवाला, रत्नागिरीतून पेट्या नेणारे ड्रायव्हर. कोण कसं म्हणतं ते आवाज काढून दाखवलं. गुजराती जरा लांबवून म्हणतो, हमाल तोडून म्हणतो. ती प्रत्येक वेळी मान हलवत होती, देवळात आरतीला हलवावी तशी. मग तिने त्याला जेवायला बसवलं, आढीतले सगळ्यात पिकलेले आंबे काढून रस केला, आणि माझ्याकडे न बघता मलाही वाढलं.

तो गेल्यावर तिन्हीसांजेला तिने तुळशीपुढे दिवा लावला. तिथूनच, पाठ फिरवून म्हणाली, "पोर सगळ्या बाजारभर फिरतेय. घरातच तेवढी बंदी."

मी म्हटलं, "तिनेच सांगितलं होतं. तुला झेपणार नाय म्हणून."

"मला कोणी विचारलं?"

त्या रात्री मी जेवायला पाट वाजवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. समुद्राकडून ढग यायला लागले होते, हवा जड झाली होती. तोंड धुतलं. आढीतला एक आंबा घेतला, एक फोड कापून गडग्यावर ठेवली, उरलेला उभ्या उभ्या खाल्ला. मग खळ्यात येऊन पायरीवर बसलो आणि नेहमीसारखा खाकरणार होतो. खाकरलो नाही.

"अगो नंदाची आये," मी हाक मारली, "च्या टाकलीस काय?"

आतून चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला.

"टाकत्ये," ती म्हणाली.